निफाडच्या थंडीत दोन लहान मुले सांभाळताना

ताई, दिवाळीनंतर यजमानांच्या बदलीमुळे तुम्ही डोंबिवलीहून निफाडला आलात, घरात ४ वर्षांची मुलगी आणि ८ महिन्यांचा मुलगा आहे, आणि डिसेंबर अर्धा सरायच्या आतच दोघांची नाके वाहू लागली आहेत. शेजारच्या आजी रोज कढत पाण्याने अंघोळ घालायला सांगतात, सासूबाई अंघोळ बंदच करा म्हणतात, आणि या दोघींच्या मध्ये तुमची ओढाताण होते आहे. अंघोळ, कपडे, रात्री खोलीत शेगडी ठेवणे, खोकल्यावरची औषधे, मुलीची सकाळची शाळा आणि बाळाचे बोरन्हाण, असे तुमचे सहा प्रश्न आहेत. मी निफाडजवळच्या मळ्यात लग्न होऊन आले, दोन मुले येथेच वाढवली आणि आता ३ वर्षांची नात अंगणात खेळते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी येथली थंडी समजून घ्या, कारण ती मुंबईकडच्या थंडीसारखी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेले तापमान तुम्ही वर्तमानपत्रात वाचतच असाल. पारा ५-६ अंशांपर्यंत खाली आला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार रात्रभर बागांमध्ये शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकने पाणी सोडतात. पण त्याच दिवशी दुपारी तापमान २७-२८ अंशांवर गेलेले असते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते, आणि सर्वांत कडक गारठा मध्यरात्री नसून सूर्य उगवण्याच्या सुमारास असतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास वर येतो. मुंबईच्या सवयीने सहाला उठून साडेसहाला मुलांना न्हाऊ घालणारी आई नेमकी दिवसातली सर्वांत वाईट वेळ निवडते. म्हणून माझे पहिले सांगणे असे की मुलांचे जे जे उघड्या अंगाचे काम आहे, ते सगळे सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात आणा. पहिल्या दोन हिवाळ्यांत मला हे कळले नव्हते, आणि ते दोन्ही हिवाळे मी दवाखान्याच्या बाकावर काढले.

आता अंघोळ. शेजारच्या आजी आणि सासूबाई या दोघींच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. ८ महिन्यांच्या बाळाला रोज न्हाऊ घातलेच पाहिजे असे नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरते, आणि इतर दिवशी मान, काखा, जांघा आणि लंगोटाची जागा कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसून कोरडी केली की बाळ स्वच्छ राहते. मात्र महिनाभर अंघोळच नको, हेही बरोबर नाही. या कोरड्या हवेत त्वचेच्या घड्यांत घाम आणि दूध साचून चिघळते. पाणी कढत नको. तुमचा कोपर पाण्यात बुडवल्यावर ते सुखद वाटले पाहिजे, कारण कढत पाणी त्वचेवरचा तेलकटपणा काढून टाकते आणि मग गालांवर आणि पोटऱ्यांवर ती पांढरी, खरखरीत चट्टेदार कातडी दिसू लागते. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे आणि मग त्यात गरम ओतावे. हा क्रम कधीही उलटा करू नये, रांगते मूल केव्हा बादलीशी येऊन उभे राहील ते सांगता येत नाही.

आमच्याकडे नातीची अंघोळ सकाळी साडेअकराला असते. छपरावरच्या सोलरचे पाणी हिवाळ्यात तोवर बऱ्यापैकी तापलेले असते, हाही एक फायदा. खोबरेल तेल या दिवसांत बाटलीत पांढरे घट्ट होऊन बसते, म्हणून बाटली सकाळी आठलाच तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर उन्हात ठेवायची; दहापर्यंत तेल पातळ आणि हाताला कोमट लागते. उन्हात सतरंजी टाकून, वारा लागणार नाही अशा भिंतीच्या आडोशाला पाय पसरून बसायचे, मुलीला पायांवर घ्यायचे आणि हलक्या हाताने तेल लावायचे. तेल घरचेच असावे, पण नाकात आणि कानात एक थेंबही घालू नये; जुन्या बायका तसे करत असत, मात्र नाकातले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकते. पाच मिनिटांत अंघोळ आटोपावी. टॉवेल आधीच उन्हात तापवून ठेवावा, मूल त्यात गुंडाळून प्रथम डोके कोरडे करावे आणि नंतर बाकीचे अंग. घरात गॅसचा गीझर असेल तर तो बंद न्हाणीघरात चालू ठेवून मुलांना आत कधीही नेऊ नका. पाणी बादलीत भरून घ्या, गीझर बंद करा, दार आणि खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच आत जा. त्याचे कारण पुढे शेगडीच्या प्रश्नात येईलच.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगते. आपल्या अंगावर जेवढे थर आहेत, त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त, एवढा हिशेब ठेवावा. एका जाड स्वेटरपेक्षा सुती झबले, त्यावर दुसरे पूर्ण बाह्यांचे सुती आणि त्यावर लोकरीचे, असे तीन पातळ थर चांगले, कारण ऊन चढले की एकेक उतरवता येतात. मूल थंड आहे का हे हातापायांच्या पंजांवरून ठरवू नये; ते निरोगी बाळाचेही गार असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे. तेथे घाम लागला तर तुम्ही जास्त गुंडाळले आहे, आणि घामेजलेले मूल वाऱ्यात आले की लगेच गारठते. सासूबाईंनी शिवलेली कुंची बाहेर नेताना जरूर वापरा, तिच्यासारखे मान-कान झाकणारे दुसरे वस्त्र नाही. झोपवताना मात्र डोक्यावर टोपी किंवा कुंची ठेवू नका आणि ८ महिन्यांच्या बाळावर जड गोधडी टाकू नका. ती तोंडावर सरकली तर एवढ्या लहान बाळाला ती बाजूला करता येत नाही. त्याला अंगातच नीट कपडे घालावेत आणि पाठीवर झोपवावे. गोधडी थोरलीला द्या.

शेगडीबद्दल मी तुम्हाला हात जोडून सांगते, खोलीत ठेवू नका. माझा थोरला मुलगा २ वर्षांचा असताना जानेवारीतल्या एका रात्री आम्ही लोखंडी घमेल्यात लाल निखारे घेऊन ते झोपण्याच्या खोलीत कोपऱ्यात ठेवले. धूर नव्हता, म्हणून आम्हाला ते निर्धोक वाटले. खिडकीच्या फटीत कापड कोंबले, दार लावले आणि झोपलो. पहाटे द्राक्षबागेत शेकोटी घालायला गेलेले सासरे परत आले आणि चहासाठी दार वाजवत राहिले. मला ते ऐकू येत होते, पण उठता येत नव्हते; डोके फुटेल असे दुखत होते आणि पाय हलत नव्हते. शेवटी त्यांनी दाराला खांदा देऊन कडी उचकटली. यजमान उलट्या करत होते आणि मुलगा हलवूनही डोळे उघडत नव्हता. सासऱ्यांनी त्याला उचलून अंगणात नेले, त्या गारठ्यात, अंगावर फक्त झबले असताना. काही मिनिटांनी तो रडला. त्या रडण्याइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावून दिवसभर ठेवले होते.

बंद जागेत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याऐवजी गुंगी येत जाते. गॅस गीझरमुळे न्हाणीघरात होणारे मृत्यू याच वायूचे. त्यामुळे ‘धूर नाही म्हणजे धोका नाही’ हा समज मनातून पूर्ण काढून टाका. शेकोटी अंगणातच पेटवा, धूर ज्या बाजूला जातो त्याच्या उलट बाजूला मुलांना बसवा, आणि रांगत्या बाळाला कडेवरून खाली ठेवू नका. खोलीला ऊब हवी असेल तर दुपारी पडदे बाजूला करून ऊन आत येऊ द्या, अंथरुणे उन्हात घाला आणि सूर्य मावळायच्या आधी, साडेपाचच्या सुमारास, खिडक्या लावून घ्या. एक खिडकी बोटभर उघडी राहू द्या. उन्हात तापलेल्या गादीची ऊब मुलांना झोप लागेपर्यंत सहज पुरते. बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. तीही टाळावी, कारण आधीच चोंदलेल्या नाकाला आणि छातीला धुराचा त्रासच होतो.

सर्दी-खोकल्याबद्दल तुम्ही विचारले आहे की औषधाच्या दुकानातून बाटली आणावी का. आणू नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुले दगावली, त्यांतल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि ५ वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत, अशी सूचना काढली. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. बाळाला अंगावरचे दूध थोडे थोडे, पण वारंवार पाजा. नाक चोंदले असेल तर पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत मिठाच्या पाण्याचे दुकानात मिळणारे थेंब टाका. ते निव्वळ क्षारयुक्त पाणी असते, औषध नव्हे. मुलीला आल्याचा कोमट काढा आणि अर्धा चमचा मध देता येईल. बाळाला मात्र १ वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही चाटवू नका, गुटीतूनही नाही. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन त्याचे स्नायू लुळे पडू शकतात. कापूर असलेले मलम २ वर्षांखालील मुलाला लावू नये, आणि कापराची पुरचुंडी गळ्यात बांधू नये, कारण ती तोंडात गेली तर झटके येऊ शकतात. भांड्यातल्या कढत पाण्याची वाफही नको. मी त्यामुळे भाजलेली मुले पाहिली आहेत.

दवाखान्यात केव्हा जायचे हे ओळखता आले की आईची निम्मी धास्ती जाते. मूल शांत किंवा झोपलेले असताना त्याचे पोट उघडे करून घड्याळ लावा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तुमच्या मुलाच्या वयाला मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक आणि मुलीच्या वयाला ४० किंवा त्याहून अधिक श्वास होत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल उठवूनही सुस्त राहत असेल, तर रात्र असली तरी थांबू नये. न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात आहे आणि तिचा तिसरा डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर असतो. मुलाचा तो पुढच्याच महिन्यात येतो आहे, तारीख चुकवू नका. फ्लूची लस ६ महिन्यांनंतर देता येते, त्याबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

मुलीच्या शाळेबद्दल तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार राज्यात पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे ठरले आहे. तुमच्या मुलीचा वर्ग पावणेआठला भरतो असे तुम्ही लिहिले आहे. इतर दोन-तीन पालकांना सोबत घेऊन मुख्याध्यापकांना शांतपणे भेटा आणि या निर्णयाचा उल्लेख करा. वेळ बदलेपर्यंत दुचाकीवर तिला पुढे उभी करू नका, वारा थेट छातीवर बसतो. तुम्हा दोघांच्या मध्ये बसवा किंवा मागे बसणाऱ्याच्या कुशीत घ्या.

खाण्याचे फार अवघड नाही, कारण या ऋतूत आपला बाजारच मुलांना जे हवे ते देतो: बाजरी, तीळ, मेथी, गाजर, ओला हरभरा, मटार. बाजरीची भाकरी लोण्याबरोबर किंवा दुधात कुस्करून मुलगी आवडीने खाईल. भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीतली गाजर-मटाराची फोड, तिखटमीठ घालायच्या आधी बाजूला काढून मऊ मोडून, बाळालाही भरवता येईल. गूळ-साखर त्याला अजून नको.

राहिले बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी यांमध्ये केव्हाही करता येते, म्हणून संक्रांतीच्याच दिवशी करण्याचा अट्टहास नको. बाळाची सर्दी उतरल्यावर दिवस ठरवा. काळे झबले सुती आणि सैल शिवा. हलव्याचे दागिने दोऱ्यात ओवलेले असतात आणि ८ महिन्यांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, म्हणून फोटो होईपर्यंतच ते अंगावर ठेवा आणि लगेच काढून घ्या. डोक्यावरून ओतताना बाळासाठी फक्त चुरमुरे घ्या. बोरे, हरभरे, उसाचे करवे आणि शेंगदाणे वेचायला जमलेल्या मोठ्या मुलांसाठी बाजूच्या परातीत ठेवा, कारण बोराची बी किंवा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकण्याची भीती मला लहान मुलांच्या बाबतीत सर्दीपेक्षा कितीतरी जास्त वाटते. समारंभ झाल्यावर सतरंजी उचलून नीट झाडा, रांगते बाळ दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला दाणा शोधून काढते. आणि बायका संध्याकाळी दिवेलागणीला बोलावण्याची रीत असली तरी या वर्षी सगळ्यांना साडेतीनला बोलवा, म्हणजे तुमच्या अंगणात ऊन असेपर्यंत बाळाचे कपडे बदलून होतील.