शेवटची गाडी ८.२०ची

*प्रश्न: लग्नाला दीड वर्ष झालं. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दुपारी १२ ते रात्री ८, आठवड्याचे ६ दिवस. नवरा ९० किलोमीटरवरच्या शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मंगळवार ते गुरुवार ऑफिस, बाकी घरून काम. आजवर आपापल्या खोल्यांवर राहिलो, सुट्टीला भेटलो. आता बरोब्बर मधल्या गावात फ्लॅट बघितलाय. दोघांनाही ४५ किलोमीटर, गाडीने ५० मिनिटं. कुणा एकालाच त्रास नको, असं त्याचं म्हणणं आणि घरच्यांनाही ते पटलंय. (माझी शेवटची गाडी ८.२०ला आहे, स्टेशन १५ मिनिटांवर, त्यामुळे थोडी धावपळ होईल. चुकलीच तर तो बाइकवर न्यायला येईल म्हणतोय.) फ्लॅट घ्यावा, की आणखी एक वर्ष असंच काढावं? – मधली*

मधली, ती कंसातली ओळ आधी कंसाबाहेर काढ, मग बोलू.

८ला सुट्टी, ८.२०ची गाडी, १५ मिनिटांचा रस्ता. तुझ्या हातात उरली ५ मिनिटं. आता ७.३०ला वॉर्डातून साध्या नळीत रक्त आलं, असं धर. ते गोठायला अर्धा तास, मग गरगर फिरवून वरचा द्रव वेगळा करायला सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं. मशीनवर चढेपर्यंत ८.१० झाले. त्यात पोटॅशियम भलतंच वाढलेलं निघालं तर वॉर्डला फोन, आकडा समोरच्याकडून परत म्हणवून घेणं, वेळेसकट रजिस्टरात नोंद. पुढच्या शिफ्टवालीला अर्धवट नमुने समजावून देणं आहेच. हे मी तुला सांगायला नको. रोज ८च्या ठोक्याला बाहेर पडतेस का, एवढंच स्वतःला विचार.

पुढे काय होतं तेही ऐक. पहिला महिना धावशील. मग ७.४०ला आलेली नळी हळूच पुढच्या शिफ्टसाठी सरकवायला लागशील. बरोबरचे चार दिवस सांभाळून घेतील, पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणेल, ‘हिला काय, कायम गाडीची घाई.’ ते एकदा चिकटलं की निघत नाही. बढतीच्या वेळी तुझं नाव मागे पडेल, आणि तेव्हा फ्लॅटची चूक आहे असं कुणीही म्हणणार नाही.

राहिली बाइक. मंगळवार ते गुरुवार तो स्वतः दुसऱ्या टोकाहून नुकताच घरी टेकलेला असेल. तिथून ४५ किलोमीटर यायचं, ४५ परत, तेही रात्री. दोनदा येईल, अगदी हौसेने. तिसऱ्यांदा विचारेल, ‘थोडं लवकर निघता येत नाही का गं?’ त्या रात्रीचं भांडण मला आत्ताच ऐकू येतंय.

तुम्ही किलोमीटर मोजलेत, तास मोजा. कामाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत, स्टेशनला जाणं, गाडीची वाट बघणं, उतरून चालणं धरून मधल्या गावाहून एका वेळचा दीड तास होतो. तुझे ६ दिवस म्हणजे आठवड्याला १८ तास. त्याचे ३ दिवस, ९ तास. नकाशावर समसमान, घड्याळात तुझा दुप्पट. दोघांचे मिळून २७.

आता घर तुझ्या हॉस्पिटलजवळ धर, चालत १५ मिनिटांवर. तुझे आठवड्याला ३ तास. त्याला एका वेळचे सव्वादोन तास, रोज ये-जा केली तर साडेतेरा. एकूण साडेसोळा. तो मंगळवारी सकाळी जाऊन दोन रात्री तिथेच राहिला आणि गुरुवारी संध्याकाळी परतला, तर त्याचे फक्त साडेचार. पाच रात्री एकत्र मिळतात, आणि त्यातली एकही स्टेशनवर घड्याळाकडे बघत जात नाही.

तेव्हा तो फ्लॅट घेऊ नकोस. घर तुझ्या शहरात, हॉस्पिटलजवळ बघा. आणखी एक वर्ष वेगळं राहायचंही कारण नाही. त्याचं काम लॅपटॉपमध्ये मावतं, गाडीतही थोडंफार उरकतं. तुझं काम नळीजवळ उभं राहूनच होतं. ज्याचं काम जागचं हलत नाही, त्याच्या जवळ घर हवं.

नवऱ्याच्या समंजसपणाचं कौतुक मी करणार नाही. आठवड्याचे चार दिवस ज्याला ऑफिसला जायचंच नाही, त्याने ‘निम्मं-निम्मं’ म्हणणं फार स्वस्त पडतं. वाईट मनाने म्हणाला नसेल, पण तुझ्या गाडीचं वेळापत्रक त्याने उघडून पाहिलेलंही दिसत नाही. आणि तू ते कंसात लपवलंस.

पुढचे १२ कामाचे दिवस लॅबच्या दाराबाहेर पाऊल पडल्याची वेळ फोनमध्ये टिपून ठेव. शिफ्ट संपल्याची नव्हे, पाऊल पडल्याची. ८.०५च्या पुढच्या नोंदी किती, ते त्याला दाखव. वाद घालायची गरज पडू नये. मात्र मालकाला नकार आजच कळव. टोकन दिलं असेल आणि परत मिळत नसेल, तर सोडून दे.

त्याने ऑफिसकडून एक ईमेल मागून घ्यावा: ऑफिसचे दिवस तीनच, आणि तेही लागोपाठ. साहेब तोंडी ‘हो’ म्हणालेत, यावर घर बांधू नका, साहेब बदलतात. नव्या घराच्या भाडेकरारात लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही ती मुदत, जितकी कमी मिळेल तितकी घ्या, नोटीस एक महिन्याची ठेवा. उद्या त्याचे तीनाचे पाच दिवस झाले तर अडकायला नको.

त्याची तिथली खोली सोडा, पण आधी दोन रात्रींपुरती कुणाबरोबर शेअरिंगमध्ये खाट बघा. चार्जर, दोन जोड कपडे, टॉवेल तिथेच राहू दे. आणि त्या खाटेचं भाडं घरखर्चात धरा. एकट्याच्या पगारातून ते त्याला भरायला लावू नकोस.