गवयावर लिहायचंय: चरित्र की कादंबरी?

प्रश्न: आमच्या गावात निजामाच्या काळात एक गवई होऊन गेले. घरच्यांकडे काही उर्दू कागद, पत्रं आणि त्यांच्या उतारवयातल्या कॅसेट आहेत. चरित्र लिहावं की कादंबरी?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: ते एवढ्यात ठरवू नका. आधी सालवारी मांडा आणि प्रत्येक नोंदीपुढे आधार लिहा: कागद, ध्वनिमुद्रण की ऐकीव. मधली दहा-पंधरा वर्षं निव्वळ ऐकीव निघाली, तर सरळ कादंबरी लिहा आणि नाव बदला. चरित्रात मनचे संवाद घुसडणं आम्हाला तरी पटत नाही.

उर्दू कागदांवर बहुधा फसली साल, म्हणजे निजामाच्या कारभारातलं महसुली वर्ष, असेल. हैदराबाद संस्थानात हे वर्ष ऑक्टोबरात, आजुर महिन्यापासून सुरू होई. म्हणून इसवी सन काढताना ऑक्टोबर ते डिसेंबरातल्या तारखेच्या फसली सालात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. सरसकट ५९० मिळवले, की १३५७ फसलीतली, खरं तर सप्टेंबर १९४८ ची, पोलीस ॲक्शन १९४७ मध्येच उरकते!

कॅसेट लावण्याआधी मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट घरी लावूच नका, जाणकाराकडे द्या. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला (टेप जिथे घासून वाचली जाते त्या भागाला) लागून पुढच्या कॅसेटवर जाते. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मागे फिरवून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. संगणकावर घेताना मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवा, एमपीथ्री फक्त ऐकायला.

आता पट्टी, म्हणजे गायक ज्या सुराला ‘सा’ धरून गातो तो सूर; पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून त्याला नाव देतात. टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल असेल तर वेग मंदावतो, आणि वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी एकमध्ये ऐकू येतो. तेव्हा एका कॅसेटवरून ‘वयोमानाने पट्टी उतरली’ असं लिहून मोकळे होऊ नका. दुसऱ्या मशीनवर ऐका, साथीदारांना विचारा.

प्रश्न: कादंबरीत मैफल रंगवताना जाणकार कुठे हसतात?
– एक वाचक, परभणी

उत्तर: तंबोऱ्यापाशी. नायक मालकंस राग गातोय आणि तंबोऱ्यावर पंचम (प) झंकारतोय, असं हमखास छापून येतं. मालकंसात रिषभ-पंचम (रे आणि प) नाहीतच. पहिली तार मध्यमात (म) लावतात. दुसरी जागा रेडिओची. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला (हार्मोनियमला) बंदी होती. त्यामुळे १९५५ च्या प्रसारणात साथीला सारंगी ठेवा, पेटी नको.

प्रश्न: गवयांना आलेली पत्रं त्यांच्या मुलाने छापायला दिली, तर पुरे ना?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: नाही. कागद मुलाचा, पण मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा. लेखी परवानगी त्याची, तो हयात नसेल तर वारसांची घ्या.