पहिल्यांदाच जॉब शेड्यूल करताय? एवढं सांभाळा

सगळे जॉब (संगणकावर चालणारी ठरावीक कामं) एकदम शेड्यूलरवर, म्हणजे ती आपोआप सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवर, टाकायची घाई करू नका. रोज हाताने चालवता त्यातला एकच निवडा आणि आठवडाभर त्याच्यावर लक्ष ठेवा.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे घड्याळावर भरवसा. फाइल १ वाजता येते, म्हणून पुढचा जॉब १:३० ला लावायचा. महिनाअखेरीला डेटा वाढतो, फाइल १:४० ला येते आणि दुसरा जॉब कालच्याच फाइलवर निमूटपणे चालून जातो. एरर कुठेच दिसत नाही, चुकतो तो थेट रिपोर्ट. म्हणून वेळेचा अंदाज नको. पहिला जॉब यशस्वी झाला तरच दुसरा सुरू होईल, असं जोडा. त्यासाठी स्क्रिप्टने (जॉबच्या कमांड लिहिलेल्या फाइलने) खरा एक्झिट कोड, म्हणजे संपताना परत मिळणारा आकडा, द्यायला हवा: यश म्हणजे ०, बाकी अपयश. मधली कमांड फसली तरी शेवटची चालली म्हणून ० देणाऱ्या स्क्रिप्ट फार दिसतात. आधी त्या दुरुस्त करा.

बाकी थोडक्यात:

- हाताने चालतं, क्रॉनमध्ये (युनिक्स/लिनक्सच्या शेड्यूलरमध्ये) नाही? क्रॉन तुमची प्रोफाइल (लॉगिन करताना लागू होणारी सेटिंग) वाचत नाही. कमांड आणि फाइलचे पाथ (पत्ते) पूर्ण लिहा.
- आउटपुट आणि एरर, दोन्ही लॉग फाइलमध्ये वळवा.
- जॉब दुसऱ्यांदा चालवला तर नोंदी दुप्पट होतात का, हे टेस्ट सर्व्हरवर तपासा. कधीतरी तो मध्यरात्री परत चालवावा लागणारच आहे.

कॅलेंडर, प्रायॉरिटी वगैरे सध्या बाजूला ठेवा. पहिला जॉब नीट बसला की पुढचे भराभर जमतात. अडलात तर लॉगच्या शेवटच्या ओळी आणि एक्झिट कोड टाका, मिळून बघू.