मुद्देमालाच्या पाकिटात चाळीस वर्षं

जुने, उघडकीस न आलेले खून नव्या चाचण्यांनी कसे उलगडतात, याबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

चाळीस वर्षांपूर्वीच्या डागात डीएनए शिल्लक राहतोच कसा? तो कुजत नाही का? (वाचक, सोलापूर)

कुजतो. ओल, उष्णता, बुरशी आणि ऊन हे त्याचे शत्रू. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवलेल्या सुती कापडावरचा डाग दशकानुदशकं टिकतो. तोच कपडा ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, तर काही दिवसांतच बुरशी धरते आणि डीएनएचे तुकडे पडतात. नेहमीच्या चाचणीत साधारण १०० ते ४५० अक्षरं (डीएनएच्या साखळीतल्या कड्या) लांबीचे भाग मोजतात. नमुना झिजला असेल, तर लांब भाग आधी गळतात. आलेखात डावीकडची, म्हणजे आखूड भागांची शिखरं उंच दिसतात आणि उजवीकडे उतार लागतो. अशा नमुन्यासाठी तेच भाग आखूड करून मोजणारे संच वापरतात.

किती लागतो? एका पेशीत सुमारे ६ पिकोग्रॅम डीएनए असतो. चाचणीला अर्धा ते एक नॅनोग्रॅम (एक नॅनोग्रॅम म्हणजे हजार पिकोग्रॅम) पुरतो, म्हणजे शे-दीडशे पेशी. १९८०च्या दशकातल्या पद्धतीला याच्या कितीतरी पट माल लागायचा.

लैंगिक अत्याचार करून केलेले खून जास्त उलगडतात, त्याला रसायनशास्त्रातलं कारण आहे. शुक्रजंतूचं डोकं गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेलं असतं. प्रयोगशाळेत आधी सौम्य द्रावणाने पीडितेच्या पेशी फोडून बाजूला काढतात आणि मग डीटीटी हे रसायन घालून ती डोकी उघडतात. त्यामुळे दोघांचे डीएनए बऱ्याच अंशी वेगळे होतात.

कधी डीएनए असूनही निकाल कोरा येतो. रक्तातलं हीम, मातीतलं ह्युमिक आम्ल, जीन्स पँटची नीळ हे सगळे पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया अडवतात. नमुना पातळ करून किंवा पुन्हा शुद्ध करून पाहायचा असतो. पहिल्याच कोऱ्या निकालावर फाइल मिटणं ही चूक आहे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला अवयव मात्र खरोखर अवघड, कारण फॉर्मॅलिन डीएनएलाच इजा करतं.

अमेरिकेत नातेवाइकांच्या डीएनएवरून खुनी सापडला, म्हणजे नेमकं काय केलं? (वाचक, नाशिक)

पत्रातला रोख कॅलिफोर्नियातल्या ‘गोल्डन स्टेट किलर’कडे आहे. गुन्हे १९७० आणि ८०च्या दशकांतले. आरोपीचा डीएनए पोलिसांकडे होता, पण गुन्हेगारांच्या नोंदवहीत जुळत नव्हता. त्या नोंदवहीत माणसाच्या डीएनएवरच्या २० ठरावीक जागाच मोजलेल्या असतात. लांबचं नातं त्यावरून कळत नाही. नातं शोधायला सहा-सात लाख ठिकाणची अक्षरं वाचावी लागतात, आणि त्यासाठी नमुनाही जास्त आणि चांगला लागतो.

तो मिळाला १९८०च्या व्हेंचुरातल्या दुहेरी खुनातून. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना नमुन्यांचा दुसरा संच बनवून ठेवायची सवय होती. पहिला संच तपासण्यांत खर्ची पडला, तरी दुसरा फ्रीझरमध्ये राहिला. माझ्या मते या प्रकरणाचं निम्मं श्रेय त्या सवयीला आहे.

वाचलेली अक्षरं वंशावळ शोधणाऱ्या संकेतस्थळांवर ताडून पाहिली. सामाईक डीएनए सेंटिमॉर्गन या एककात मोजतात; आकडा जितका मोठा, तितकं नातं जवळचं. पणजोबा एक असलेल्या भावंडांत सरासरी २३०च्या आसपास आणि खापरपणजोबा एक असलेल्यांत सत्तरेक. असे लांबचे नातेवाईक मिळाल्यावर सामाईक पूर्वजापर्यंत वर चढायचं, मग प्रत्येक फांदीने खाली उतरायचं आणि वय, लिंग, त्या काळातला मुक्काम लावून नावं गाळायची. उरला जोसेफ डीअँजेलो, माजी पोलीस, वय ७२. त्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरून आणि नंतर कचऱ्यातल्या टिश्यू पेपरवरून डीएनए घेऊन जुन्या नमुन्याशी थेट जुळवला. अटक २४ एप्रिल २०१८. २०२० मध्ये त्याने १३ खून कबूल केले आणि त्याला जन्मठेप झाली.

वंशावळ फक्त नाव सुचवते. पुरावा ठरते ती शेवटची थेट जुळणी.

नमुन्यात भलत्याचाच डीएनए मिसळला तर? (वाचक, बेळगाव)

तर काय होतं ते जर्मनीने अनुभवलं. २००७ मध्ये हाइलब्रॉन इथे एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला स्त्रीचा डीएनए जवळपास ४० वेगवेगळ्या प्रकरणांत निघाला. वर्षानुवर्षं एका ‘अदृश्य’ स्त्रीचा शोध चालला. २००९ मध्ये कळलं, तो डीएनए नमुना घेण्याच्या कापसाच्या काड्या पॅक करणाऱ्या कामगार स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या. पण निर्जंतुक करताना जंतू मरतात, डीएनए उरतो. म्हणून प्रत्येक तपासणीत एक कोरी काडी सोबत चालवावी लागते आणि कर्मचाऱ्यांचे डीएनए ताडण्यासाठी हाताशी ठेवावे लागतात.

जुना चाकू कोर्टात कितीतरी उघड्या हातांनी हाताळलेला असतो. त्याच्या मुठीवरच्या स्पर्शापेक्षा दोरीच्या गाठीचा आतला पदर किंवा कपड्याची शिवण अधिक भरवशाची.

आमच्या घरातल्या खुनाची फाइल १९९०च्या दशकात बंद झाली. आता काही करता येईल? (वाचक, सातारा)

येईल. खुनाला मुदतीचं बंधन नाही. गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला, म्हणून ‘अ’ समरी (तपास बंद करणारा अहवाल) मंजूर झाली असली तरी पुढील तपास करता येतो: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३(८), नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९३(९). गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल घालून पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या.

अर्जात आधी मुद्देमालाचं विचारा. मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत पावती आहे का? कोर्टाच्या आदेशाने नष्ट झाला का? झाला असेल, तर सी.ए. (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टच्या वेळच्या काचपट्ट्या आणि रुग्णालयातले, अवयवांचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे कुठे उरलेत का?

आपल्याकडे गुन्हेगारांच्या डीएनएची राष्ट्रीय नोंद नाही. त्याचं विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे डीएनए ताडायला संशयित समोर हवा. वंशावळीचा मार्गही इथे फारसा चालणार नाही: त्या संकेतस्थळांवर भारतीय थोडे, आणि मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घराण्यांत नातं आहे त्यापेक्षा जवळचं दिसतं. बोटांच्या ठशांचं मात्र तसं नाही. घटनास्थळी ठसे उचलले असतील, तर ते महाराष्ट्राच्या अँबिस आणि देशाच्या नॅफिस या ठसे ताडणाऱ्या संगणकीय यंत्रणांत पुन्हा शोधायची मागणी करा. नव्वदच्या दशकात हा शोध बहुतेक ठिकाणी भिंगाने, हाताने व्हायचा.

आणि एक ओळ विसरू नका: डाग लहान असेल, तर तो एकाच चाचणीत संपवू नये, अर्धा राखून ठेवावा.