कुकडीतले रांजण कोणी कोरले?

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे, म्हणजे खडकातले रांजणासारखे खोल खड्डे, पाहिले. हे लाव्हातले बुडबुडे फुटून झाले का?

उत्तर : नाही. बुडबुड्यांच्या पोकळ्या बहुधा वाटाण्यापासून मुठीएवढ्या असतात आणि त्यांत अनेकदा झिओलाइट (एक स्फटिकी खनिज) किंवा गारगोटी भरलेली असते. रांजणखळगे नदीने घडवले, पण नुसत्या पाण्याने नव्हे. खरं काम गोट्यांचं. बेसॉल्टच्या (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या) भेगेत किंवा खोलगट जागी पुराचं पाणी भोवरा धरतं. त्यात अडकलेले दगडगोटे गरगर फिरत तळ आणि कडा घासतात, जवळपास जात्यासारखे. ते झिजून वाळू झाले की पुढचा पूर नवे आणून टाकतो. ही घासाघीस आत, तळाकडे चालते, म्हणून कित्येक रांजणांचं पोट तोंडापेक्षा फुगीर दिसतं. शेजारच्या दोघांमधली भिंत झिजली की ते एक होतात. अशा जोडण्यांतूनच नदीची अरुंद घळ खोल होत जाते. तळ गाळाने बुजला, तर मात्र तिथली झीज थांबते.

ओळखायची खूण : तळाशी गुळगुळीत गोल गोटे, भिंतीवर वळत गेलेल्या खोबणी.

पाहायला उन्हाळ्यात जा, तेही धरणाचं आवर्तन (शेतीसाठी सोडलेलं पाणी) सुटलेलं नसताना. घासून गुळगुळीत झालेल्या कडेवर ओला पाय हमखास घसरतो.