सुरुवात 'रेबेका'पासून करा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. संसारात काहीतरी काळं दडलंय अशा मानसशास्त्रीय थ्रिलर वाचायला कुठून सुरुवात करावी, आणि नुकतंच लग्न झालंय म्हणून मैत्रीण 'नको वाचूस' म्हणते, ते ऐकावं का.

पहिल्याचं उत्तर मी डोळे मिटून देईन. डॅफ्ने ड्यू मॉरिए यांची 'रेबेका', १९३८ सालची. मी ती अप्पा बळवंत चौकातून जुन्यात घेतली आणि पावसाळ्यातल्या दोन रात्रींत संपवली. एक बुजरी मुलगी विधुराशी लग्न करून त्याच्या भल्यामोठ्या घरात येते. पहिल्या बायकोचं सगळं तिथे जागच्या जागी आहे. लिहायच्या टेबलावर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, घाईत अंगावर चढवलेल्या रेनकोटच्या खिशात तिची आद्याक्षरं भरलेला, चुरगळलेला रुमाल. त्या रुमालानेच माझ्या अंगावर काटा आला.

आणि या नव्या बायकोचं नाव काय? अख्ख्या कादंबरीत ते कुठेच सांगितलेलं नाही. मेलेलीचं नाव मुखपृष्ठावर, जिवंत आहे तिला नाव नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला शनिवार पेठेतल्या वाड्यातली माझी आजी आठवली. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं. जुनं नाव आम्हा नातवंडांना कळलं ते ती गेल्यावर, ट्रंकेत तिचा शाळेचा दाखला सापडला तेव्हा. आजोबा सज्जन माणूस, गुपित-बिपित काही नव्हतं. तरी इतकी वर्षं त्या घरात एक नाव झाकून राहिलंच की. त्यामुळे ही गोष्ट मला परक्या देशातली वाटलीच नाही.

हिचकॉकचा १९४०चा चित्रपट पुस्तकानंतरच बघा. तेव्हाच्या सेन्सॉरच्या नियमांपायी त्यात एक कळीची गोष्ट बदलली आहे. गिलियन फ्लिन यांची 'गॉन गर्ल' (२०१२) ही कादंबरीही जबरदस्त आहे, पण ती नंतर. पुढे धक्का आहे हे आधीच ठाऊक असलं की आपण पानोपानी पुरावे शोधत बसतो.

आता मैत्रिणीचं म्हणणं. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण 'गॅसलाइट'. पॅट्रिक हॅमिल्टन यांचं हे नाटकही १९३८चंच. १९४४च्या चित्रपटात इन्ग्रिड बर्गमन आहे, तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. नवरा संध्याकाळी बाहेर पडला की घरातला गॅसचा दिवा आपोआप मंद होतो. घरात दुसरीकडे गॅस पेटला की इथली ज्योत खाली जाते, इतकं साधं कारण. पण नवऱ्याने तिच्या मनात इतकं भरवलंय की तिला वाटतं, आपलंच डोकं फिरलं. मग एक परका माणूस येतो आणि म्हणतो, हो, मलाही दिवा मंद होताना दिसला. त्या क्षणीचा बर्गमनचा चेहरा बघा. 'गॅसलाइटिंग', म्हणजे एखाद्याला स्वतःच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावणं, हा शब्द इथूनच आला. नवरा चार गोष्टी विसरला म्हणून तो लगेच लावू नका. पण वाचताना काही फारच ओळखीचं वाटलं, तर त्याच मैत्रिणीला विचारा, 'तुलाही दिसतंय का गं?' आपल्याकडच्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही धरलेला आहे, हेही माहीत असू द्या.

'रेबेका'तली सुरुवातीची मॉन्टे कार्लोची प्रकरणं संथ आहेत. तिथे पुस्तक मिटू नका, ती त्या घरात पोचेपर्यंत वाचाच.