भजनाच्या नव्या अल्बमचं परीक्षण दोन दिवसांत कसं लिहावं?

कुडाळहून फ्रीलान्स लिहिताय, चारशे शब्द हवेत, तर आधी निर्मात्याकडून वेव्ह फाइल (न दाबलेली, पूर्ण दर्जाची) मागा. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बरीच दाबलेल्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचे अतिउंच ध्वनी उडतात आणि झांजेची धार बोथट होते. मग खापर ध्वनिमुद्रकावर फुटतं, दोष मात्र फाइलचा.

पहिल्यांदा वही मिटून सलग ऐका. दुसऱ्यांदा हेडफोनवर, मिनिट-सेकंदासह नोंदी करत: पखवाज बुवांचा आवाज झाकतो का, कोरस मागे पडतो का, पेटी आणि गळा एका सुरात आहेत का. ‘श्रवणीय’ लिहायचा मोह इथेच सुटतो. तिसऱ्यांदा मोबाइलच्या स्पीकरवर, कारण बरेच श्रोते तिथेच ऐकणार. पखवाजाचा खर्ज तिथे गायब होतोच, तो दोष धरू नका. जुन्या अल्बमशी तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जोरात वाजणारं उगाच चांगलं वाटतं.

डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या आमनेसामने भजनी सामन्याचं, थेट मुद्रण असेल तर मापं बदला. समोरच्या बुवांना दिलेलं उत्तर, श्रोत्यांची दाद हा त्या प्रकाराचा गाभाच. स्टुडिओतली स्वच्छता तिथे मागू नका.

चाल ‘पारंपरिक’ छापली असली तरी कुठून घेतली ते विचारा. मानधन आधी लेखी ठरवून घ्या, तेही संपादकाकडूनच; कलाकाराकडून नको.